तांब्या, कुलूप, छत्री: नवशिक्यांच्या वेक्टर चित्रांचे परीक्षण करणाऱ्या एका सेवेविषयी

सातारा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. स्वाध्यायपत्रिका तयार करताना मला रोजच्या वापरातील वस्तूंची साधी, स्वच्छ चित्रे लागतात आणि तयार मिळणाऱ्या चित्रसंग्रहांत नेमक्या आमच्या मुलांच्या घरातल्या वस्तू सापडत नाहीत. तिथे कॉफीचा मग सापडतो, पण कपबशी सापडत नाही. काचेचा जग सापडतो, पण तांब्या सापडत नाही. विळी, पोळपाट आणि खलबत्ता यांचा तर प्रश्नच नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इंकस्केप ही वेक्टर चित्रे, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिती रेषांनी साठवलेली चित्रे, काढण्याची मोफत प्रणाली शिकायला घेतली. २००३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर वाढत आलेली ही प्रणाली आमच्या शाळेच्या जुन्या संगणकावरही चालते, तिच्या वापरासाठी एक रुपयाही लागत नाही आणि तिच्यात काढलेले चित्र तिकिटाएवढे छापले किंवा फळ्याएवढे मोठे केले तरी त्याची कड फाटत नाही.

चित्र काढणे हळूहळू जमू लागले, पण ते बरोबर आले आहे की नाही हे सांगणारे कोणी मिळेना. शिक्षक-खोलीत दाखवले की सगळे प्रेमाने ‘छान आहे’ म्हणत आणि त्या शब्दाने माझे काम एक पाऊलही पुढे सरकत नसे. छापखान्यात काम करणाऱ्या मावसभावाने सांगितले, “ताई, एवढं कशाला करत बसतेस? फोटो काढ आणि ट्रेस मार.” मी तेही करून पाहिले. यंत्राने फोटोवरून काढलेल्या बाह्यरेषेत सावली, डाग आणि वस्तू यांत काही फरकच राहिला नाही, शिवाय त्या रेषेवर इतके बिंदू पडले की कुठेही हात लावला तरी आकार वाकडा होई. सहा महिन्यांपूर्वी एका सहकारी बाईंनी मला या परीक्षण-सेवेची माहिती दिली. तिच्यातील दहा चित्रांचा एक संच मी नुकताच पूर्ण केला असून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे. सेवेच्या काही उणिवाही सांगायच्या आहेत आणि हा दोनच माणसांनी चालवलेला छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे नाव देत नाही. अशी एखादी सेवा निवडताना काय पाहावे, एवढे या लेखातून कळले तरी पुरेसे आहे.

सेवेची पद्धत साधी आहे. दहा चित्रांसाठी १,८०० रुपये आगाऊ भरायचे आणि आपल्या सवडीने एकेक चित्र पाठवायचे. चित्र पीएनजी किंवा जेपीजी स्वरूपात चालत नाही, मूळ एसव्हीजी, म्हणजे वेक्टर चित्राची, फाइलच द्यावी लागते, आणि सोबत ज्या वस्तूवरून चित्र काढले तिचा एक फोटो पाठवावा लागतो. या दोन अटी मला सुरुवातीला जाचक वाटल्या होत्या. आता मात्र त्यांच्यामुळेच या सेवेला किंमत आहे असे माझे मत झाले आहे. चार दिवसांत उत्तर मिळते: एक पानभर लेखी टिपण आणि सहा-सात मिनिटांची पडद्याची चित्रफीत, जिच्यात परीक्षक आपली फाइल उघडून मराठीत बोलत बोलत दाखवतात. टिपणात तीनपेक्षा जास्त मुद्दे कधीच नसतात, आणि त्या तिन्हींच्या आधी चित्रातले काय तसेच ठेवावे हे लिहिलेले असते. परीक्षकांपैकी एक गृहस्थ अनेक वर्षे लग्नपत्रिका आणि दिनदर्शिका छापणाऱ्या मुद्रणालयात चित्रकार होते. दुसऱ्या बाई अभिकल्पाचे (डिझाइनचे) रीतसर शिक्षण घेतलेल्या आहेत. कोणते चित्र कोणाकडे जाईल हे आपल्या हातात नसते.

माझे पहिले चित्र स्टीलच्या तांब्याचे होते. मुक्तहस्त रेषेच्या साधनाने, माउस धरून, श्वास रोखून मी त्याची बाह्यरेषा एका दमात काढली होती आणि ती पडद्यावर बरी दिसत होती. चित्रफितीत त्या गृहस्थांनी सर्वांत आधी रंग आणि भरण लपवून फक्त आउटलाइन दाखवणारे दृश्य सुरू केले, रेषा निवडली आणि खालच्या पट्टीतला आकडा दाखवला: १३७ नोड, म्हणजे रेषेला आकार देणारे बिंदू. मग ते म्हणाले, “ताई, हा तांब्या एका बाजूने पाहिला तर किती वेळा वळतो, ते बोटाने मोजा.” मी स्वयंपाकघरातून तांब्या आणून खरोखर बोट फिरवले. काठ बाहेर वळतो, गळा आत जातो, पोट बाहेर येते, बूड पुन्हा आत जाते. म्हणजे एका बाजूला पाच किंवा सहा नोड पुरतात. नोड कुठे ठेवायचे याचाही त्यांनी नियम दिला: जिथे वळण सर्वांत बाहेर, सर्वांत आत, सर्वांत वर किंवा सर्वांत खाली पोहोचते तिथे नोड ठेवावा आणि त्याचे हँडल, म्हणजे वळणाची दिशा ठरवणारी नोडची दांडी, सरळ आडवे किंवा सरळ उभे राहावे म्हणून ओढताना कंट्रोलची कळ दाबून धरावी. बाकीचे वळण गणित सांभाळते. मोटारींच्या पत्र्याची वळणे नेमकी मांडता यावीत म्हणून फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेलज्यू यांनी आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे हे गणित विकसित केले, आणि आज त्याच गणितावर माझा तांब्या उभा राहतो, हे मला त्या दिवशी समजले तेव्हा मनापासून आनंद झाला.

दुसरा मुद्दा होता सारखेपणाचा. माझ्या तांब्याचे डावे पोट उजव्यापेक्षा फुगीर होते. अर्धाच तांब्या काढावा, त्याची प्रत घेऊन ती आरशातल्यासारखी उलटवावी आणि मग दोन्ही अर्ध जोडावेत, ही युक्ती मी इतरत्र वाचली होती. मात्र जोडावर टोक किंवा खळगा का दिसतो, हे मला कुठेच वाचायला मिळाले नव्हते. मध्यरेषेवर येणाऱ्या नोडचे हँडल तंतोतंत आडवे असेल तरच दोन्ही बाजूंची रेषा एकमेकींत अखंड मिसळते. ते किंचित जरी कलले तरी बुडाच्या मधोमध चोच निघते. चित्रफितीत ही चोच मुद्दाम काढून आणि पुन्हा सपाट करून दाखवली होती. दहा सेकंदांचा तो भाग मी कितीदा पाहिला असेल, ते मोजलेले नाही.

तिसरा मुद्दा वाचून मला शाळेतील दिवस आठवले. मी एलिमेंटरी ग्रेड परीक्षेत वस्तुचित्राच्या कागदावर हंडा काढला होता आणि आमच्या चित्रकलेच्या सरांनी त्याच्या काठाच्या दोन्ही टोकांवर लाल पेन्सिलीने खूण केली होती. तीच चूक माझ्या तांब्यात होती: काठ लिंबाच्या फोडीसारखा दोन्हीकडे टोकदार झाला होता. टिपणात लिहिले होते की लंबवर्तुळाला टोक नसते, कितीही चपटे केले तरी ते दोन्ही बाजूंना गोलाईनेच वळते. म्हणून काठ हाताने न काढता लंबवर्तुळाच्या साधनाने काढावा. त्याचा पाथ, म्हणजे नोडांनी बनलेली रेषा, केला तर त्यात चारच नोड असतात. वर्तुळाच्या बाबतीत या चार नोडांनी बनलेला आकार खऱ्या वर्तुळापासून त्रिज्येच्या ०.०३ टक्क्यांपेक्षाही कमी ढळतो, म्हणजे डोळ्याला तो फरक दिसणे शक्यच नाही. शिवाय मी बूड सरळ पट्टीने आखले होते. काठ वरून दिसत असेल तर नजर तांब्याच्या वर आहे, आणि नजर वर असेल तर बुडाची कड सपाट दिसूच शकत नाही. उलट नजरेपासून जितके खाली जावे तितके लंबवर्तुळ रुंदीच्या मानाने अधिक उघडत जाते. पाण्याचा पेला डोळ्यांसमोर धरून हळूहळू खाली न्या आणि काठाकडे पाहत राहा, असे त्यांनी सांगितले होते. मी ते वर्गात मुलांकडूनही करून घेतले.

छत्रीच्या चित्राचे परीक्षण माझ्या मते या संपूर्ण संचातील सर्वोत्तम होते. मी बाजूने दिसणारी उघडी काळी छत्री काढली होती, तिचे चार सारखे भाग केले होते आणि खालची कड तोरणासारखी, म्हणजे मध्ये खाली झुकलेली दाखवली होती. या वेळी उत्तर बाईंकडून आले. त्यांनी लिहिले की आपली छत्री उघडून भिंतीला टेकवा आणि पाच पावले मागे जाऊन पाहा. छत्रीला आठ काड्या असतील तर वरून पाहिल्यास त्या एकमेकींपासून ४५ अंशांवर असतात, परंतु बाजूने पाहताना समोरचे कापड रुंद आणि कडेचे कापड अरुंद दिसते. मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर १०० मिलिमीटर धरले तर मधल्या प्रत्येक भागाची रुंदी सुमारे ७१ मिलिमीटर आणि कडेच्या भागाची फक्त २९ मिलिमीटर भरते. चौथीच्या मुलांना मी इतकी वर्षे वर्तुळ शिकवते, तरी हे वर्तुळ आडवे झाल्यावर कसे दिसते याचा कधी हिशेब केला नव्हता. खालच्या कडेविषयी त्यांचे वाक्य एकच होते: कापड काड्यांच्या टोकांनी ताणलेले असते, त्यामुळे टोके खाली येतात आणि मधली कड वर खेचली जाते. मी छत्री उघडून पाहिली तर तसेच होते. इतकी वर्षे पावसाळ्यात डोक्यावर धरलेली वस्तू मी कधी नीट पाहिलीच नव्हती, आणि वेक्टरचे साधन चालवण्यापेक्षा हे पाहणे शिकवणारा अभिप्राय मला अधिक मोलाचा वाटतो.

कुलपाच्या वेळी मुद्दा पूर्णपणे तांत्रिक होता. कडीसाठी मी जाड स्ट्रोक, म्हणजे जाडी दिलेली रेषा, वापरला होता. चित्र पानाच्या कोपऱ्यात लहान करून ठेवले की आकार लहान होई, पण रेषेची जाडी तीच राही आणि कुलूप एखाद्या काळ्या गोळ्यासारखे दिसे. आकार बदलताना रेषेची जाडीही त्याच प्रमाणात बदलावी यासाठी निवड-साधनाच्या पट्टीत एक बटण असते, ते मला माहीतच नव्हते. स्ट्रोकचे रूपांतर पाथमध्ये करणे, म्हणजे जाड रेषेचा भरीव आकार करणे, हा दुसरा मार्गही त्यांनी दाखवला आणि सोबत बजावले की तो फक्त छपाईला पाठवायच्या प्रतीतच वापरावा, कारण त्यानंतर कडीची जाडी एका आकड्याने बदलता येत नाही.

इथे सेवेची पहिली त्रुटी सांगणे आवश्यक आहे. चित्र कुठे आणि कशावर छापले जाणार आहे, हे त्यांच्या अर्जात विचारलेले नव्हते. त्यामुळे पहिल्या तीन चित्रांवर मला रंगछटा आणि राखाडी सावल्यांविषयी सुंदर पण निरुपयोगी सल्ला मिळाला. माझ्या स्वाध्यायपत्रिका गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात काळ्या-पांढऱ्यात निघतात आणि तिथल्या यंत्रावर फिकट राखाडी भाग एकतर उडून जातो, नाहीतर त्याचा चिखल होतो. मी हे कळवल्यावर पुढच्या सर्व उत्तरांची दिशा बदलली: बाहेरची रेषा अर्धा मिलिमीटर, आतली त्याच्या निम्मी, सावलीऐवजी भरीव काळा ठिपका किंवा समांतर रेषा. त्यातूनच स्टीलविषयीची एक उत्तम गोष्ट कळली. स्टीलवर राखाडी रंग हळूहळू गडद करत नेला की ते मातीचे भांडे वाटू लागते, कारण स्टील आजूबाजूच्या वस्तू दाखवते आणि त्यावर अगदी उजळ पट्ट्याशेजारी अगदी गडद पट्टा धारदार कडेने येतो. आता माझ्या तांब्याच्या पोटावर फक्त तीन काळे, वाकलेले पट्टे आहेत, बाकी कागद पांढराच सोडला आहे, आणि झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीतही तो स्टीलचाच दिसतो. मुळात हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला असता तर माझी तीन चित्रे, म्हणजे ५४० रुपयांचे परीक्षण, अधिक उपयोगी पडले असते. अलीकडे अर्जात तो रकाना जोडल्याचे मी पाहिले.

वस्तू कोणत्या बाजूने दाखवावी याविषयी मिळालेला सल्ला थोडक्यात सांगते, कारण तो कोणालाही लगेच वापरता येईल. चित्र पूर्ण काळ्या रंगाने भरावे आणि ज्याने ते आधी पाहिलेले नाही अशा मुलाला दाखवावे. त्याला नाव सांगता आले नाही तर दिशा चुकली आहे. मी विळी समोरून काढली होती आणि माझ्या वर्गातील बहुतेक मुलांना ती ओळखता आली नाही. बाजूने काढल्यावर पाट, वर उठलेले वळणदार पाते आणि टोकाची खवणी दिसली आणि घरी विळी असलेल्या मुलांनी एका आवाजात नाव सांगितले. चप्पल मात्र वरूनच ओळखू येते आणि कपबशी किंचित वरून.

आता उरलेल्या तक्रारी. प्रेशर कुकरच्या चित्रावर दांडा फार लांब झाला आहे असा शेरा आला. मी दांडा आणि कुकरचा व्यास दोन्ही पट्टीने मोजून चित्र काढले होते आणि सोबतच्या फोटोतही ते प्रमाण स्पष्ट दिसत होते. फोटोची अट घालायची आणि तो उघडूनच पाहायचा नाही, हे मला अजिबात पटले नाही. मी तसे लिहिल्यावर त्यांनी चूक मान्य केली आणि एक जादा चित्र विनामूल्य तपासून दिले, हेही नोंदवले पाहिजे. दिवाळीच्या सुमारास चार दिवसांच्या उत्तराला नऊ दिवस लागले आणि तसे आधी कळवले गेले नाही. रंगांविषयी दोघांचेही शेरे मोघम असतात. “रंग थोडे उठावदार करा” या वाक्यावरून मला काय बदलायचे ते कळत नाही, आणि इतर बाबतीत इतके नेमके लिहिणाऱ्या माणसांकडून असे वाक्य यावे याचे वाईट वाटते.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र सातव्या चित्राचा आहे. कंगव्याच्या दातांमधील अंतर मला सारखे राखता आले नव्हते. उत्तरात टिपणाऐवजी त्यांनी स्वतः पुन्हा काढलेली फाइलच पाठवली. ती फाइल निर्दोष होती आणि मी ती स्वाध्यायपत्रिकेत वापरलीही, पण माझ्या हातात काही आले नाही. आठवडाभराने फणी काढायला घेतली तेव्हा मी पुन्हा तिथेच अडकले. मी त्यांना विनंती केली की चित्र दुरुस्त करून देऊ नका, चूक कुठे आहे ते दाखवा आणि ती मलाच सुधारू द्या. त्यानंतर एका दाताची क्लोन, म्हणजे मूळ बदलले की आपोआप बदलणारी, प्रत कशी करायची आणि पहिला आणि शेवटचा दात पक्का ठेवून मधले दात सारख्या अंतरावर कसे वाटायचे याची दोन मिनिटांची चित्रफीत आली. सेवा देणाऱ्याला स्वतः काढून देणे सोपे आणि कमी वेळाचे असते, हे मी शिक्षिका म्हणून पुरेपूर जाणते. गणिताचे उत्तर फळ्यावर लिहून टाकण्याचा मोह मलाही होतो. म्हणूनच हा आक्षेप मी आग्रहाने मांडते.

मराठी नावे चित्राखाली लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. मी मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्त परवान्याचा मुक्ता हा फॉण्ट वापरला होता. परीक्षकांच्या संगणकावर तो नसल्याने तिथे भलताच फॉण्ट बसला आणि अक्षरे चौकटीबाहेर गेली असा शेरा आला. पाठवायच्या प्रतीत अक्षरांचा पाथ करावा आणि मूळ फाइलमध्ये मजकूर तसाच ठेवावा, म्हणजे पुढे शुद्धलेखन सुधारता येते. छापखान्यांत अजून कोरलड्रॉ या चित्रप्रणालीचे राज्य असल्यामुळे काही जण तिची सीडीआर फाइल पाठवतात. ही सेवा ती स्वीकारत नाही. ते मला योग्य वाटते, कारण दुसऱ्या प्रणालीत उघडताना अशा फाइलमध्ये काही वेळा फरक पडतो आणि मग चूक चित्रकाराची की रूपांतराची हे ठरवता येत नाही. एसव्हीजी हे खुले मानक २००१ पासून उपलब्ध आहे आणि कोरलड्रॉमधूनही त्या स्वरूपात फाइल काढता येते.

ही सेवा कोणी घ्यावी? ज्यांना प्रणालीची बटणे शिकायची आहेत त्यांनी आधी महिनाभर स्वतः सराव करावा, कारण परीक्षक तिथपर्यंतचे शिकवत नाहीत. ज्यांचे चित्र ‘जवळपास बरोबर’ येते पण काय खटकते ते सापडत नाही, त्यांना प्रत्येक चित्रामागे १८० रुपये हा दर मी रास्त म्हणेन. एकाच वस्तूचे चित्र सुधारून दुसऱ्यांदा पाठवले तर त्याचे वेगळे पैसे लागतात, ही अट त्यांनी बदलावी. सुधारलेले चित्र पाहिल्याशिवाय आपला शब्द समोरच्यापर्यंत पोहोचला की नाही हे त्यांनाही कळणार नाही. मी तांब्या माझ्या खर्चाने पुन्हा पाठवला. १३७ नोडांच्या जागी १२ नोड होते, आणि उत्तरात त्या गृहस्थांनी एकच मुद्दा लिहिला होता: गळ्याखालचे एक हँडल अजून थोडे लांब आहे, त्यामुळे पोट खांद्यापाशी किंचित फुगते. मी तांब्या पुन्हा टेबलावर ठेवून पाहिला. ते हँडल खरोखरच लांब होते.

दुसऱ्या दहा चित्रांचे पैसे मी या महिन्यात भरले आहेत आणि अर्जाच्या नव्या रकान्यात ‘झेरॉक्स, काळे-पांढरे, पाच सेंटिमीटर उंची’ असे लिहून कंदिलाचे चित्र पाठवले आहे. काच पारदर्शक आहे हे फक्त काळ्या रेषेने कसे दाखवायचे, हा माझा प्रश्न आहे.